कण किती यापेक्षा, ढगाचा थेंब होऊ शकणारे कण किती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही छतावर पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे कण, मोजणारा छोटा सेन्सर लावलात. पाच महिने दर तासाचा आकडा आणि त्या वेळी आकाश किती ढगाळ होतं याची नोंद शेजारी-शेजारी ठेवलीत. हवेतले कण म्हणजे ढगांचं बीज, असं वाचलेलं होतं, म्हणून कण वाढले की ढग वाढतील अशी अपेक्षा होती. आलेखात तसं काही दिसलं नाही. पावसानंतर आकडा खाली येतो, धुक्याच्या सकाळी अचानक दुप्पट-तिप्पट होतो आणि बाकी दिवस नुसता ठिपक्यांचा पसारा. म्हणून तुम्ही विचारलंत, की चुकतंय ते सेन्सरचं की पुस्तकातल्या विधानाचं?

दोघांचंही नाही. सेन्सर त्याच्या कुवतीप्रमाणे बरोबर सांगतोय आणि विधानही खरं आहे. मधला दुवा निसटलाय. तुम्ही मोजताय ते कणांचं वजन, तेही अंदाजाने. ढगाचं गणित वजनावर चालत नाही, संख्येवर चालतं. आणि संख्यासुद्धा सगळ्या कणांची नव्हे. ढगात बाष्प संपृक्ततेच्या, म्हणजे १०० टक्के आर्द्रतेच्या, अगदी किंचित वर असतं; तेवढ्यावर पाणी ओढून जे थेंब होऊ शकतात, त्यांचीच. त्यांना संघनन केंद्रकं म्हणतात. आम्ही कामात इंग्रजी आद्याक्षरांवरून सरळ सीसीएन म्हणतो.

वजन आणि संख्या यांच्यात किती अंतर आहे पाहा. २.५ मायक्रोमीटर व्यासाच्या एका कणातल्या द्रव्यातून ०.१ मायक्रोमीटरचे १५,६२५ कण होतात, कारण घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं. वाऱ्याने थोडी धूळ उडाली की वजनाचा आकडा झपकन वर जातो, पण केंद्रकांच्या संख्येत जाणवण्याइतका फरक पडत नाही. उलट दर घन सेंटिमीटरमागे बारीक कण हजारोंनी वाढले, तरी वजन जवळपास जागच्या जागी राहू शकतं. त्यात तुमचा सेन्सर लेझरच्या प्रकाशात कण किती चमकतात त्यावरून हिशेब करतो, आणि साधारण ०.३ मायक्रोमीटरच्या खालचे कण त्याला दिसतच नाहीत. ढगातले बहुतेक थेंब ज्या कणांवर बनतात ते मात्र ०.०५ ते ०.२ मायक्रोमीटरच्या आसपासचे असतात. म्हणजे ज्यांची संख्या हवी होती, ते मोजणीतून जवळजवळ पूर्ण सुटले.

आता कण लागतातच का, हे. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये कूलिए यांनी दाखवलं की बंद भांड्यातली ओली हवा प्रसरण पावून थंड झाली की धुकं बनतं, पण तीच हवा कापसातून गाळून घेतली तर बनत नाही. पुढे स्कॉटलंडमध्ये जॉन एटकेन स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला आले आणि त्यांनी कण मोजायचं उपकरणही बनवलं. १८९४ मध्ये बेन नेविस पर्वतावरच्या वेधशाळेत सी. टी. आर. विल्सन यांनी ढगांवर उमटणारी प्रकाशवलयं पाहिली आणि ती प्रयोगशाळेत घडवण्याच्या नादात कणरहित हवेवर काम सुरू केलं. त्यातून निघालं की कण काढून टाकले तर विद्युतभारित आयनांवर थेंब धरायलासुद्धा बाष्प संपृक्ततेच्या सुमारे चौपट लागतं. खऱ्या ढगात आर्द्रता १०० टक्क्यांच्या वर एखाद्या टक्क्यानेही क्वचितच जाते. ही तफावत कण भरून काढतात.

हे स्वतः बघायचं असेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या बाटलीत थोडं कोमट पाणी घ्या, झाकण लावून बाटली जोरात दाबा आणि सोडा. फारसं काही होणार नाही. मग विझवलेल्या काडीचा धूर आत जाऊ द्या आणि पुन्हा दाबून सोडा. बाटली पांढऱ्या धुक्याने भरते. मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून हे आधी करून घेतो, कारण पुढची सगळी उपकरणं याच कल्पनेवर उभी आहेत.

इतक्या बारीक थेंबाला अडचण असते ती वक्रतेची. पृष्ठभाग जितका वाकलेला तितके पाण्याचे रेणू सहज सुटून जातात. ०.०१ मायक्रोमीटर त्रिज्येचा शुद्ध पाण्याचा थेंब टिकायला आर्द्रता सुमारे ११२ टक्के लागते, ०.१ मायक्रोमीटरच्या थेंबाला सुमारे १०१. पण थेंबात मीठ किंवा सल्फेट विरघळलेलं असेल तर ते पाण्याला धरून ठेवतं आणि ही गरज कमी होते. वक्रता पाणी सोडायला लावते, विद्राव्य ते ओढून घेतं. या दोघांच्या रस्सीखेचीचं गणित स्वीडनचे हिल्डिंग कोलर यांनी मांडलं. त्यांच्या वक्राला एक शिखर असतं. हवेतली अतिसंपृक्तता, म्हणजे १०० टक्क्यांच्या वरची आर्द्रता, त्या शिखराच्या वर गेली की कण थांबत नाही, वाढत जातो आणि ढगाचा थेंब होतो. शिखराखाली तो फुगलेला, ओलसर कणच राहतो. धूसर हवा आणि ढग यांच्यातली खरी सीमारेषा ही आहे.

आकड्यांत सांगायचं तर अमोनियम सल्फेटच्या १०० नॅनोमीटर (म्हणजे ०.१ मायक्रोमीटर) कोरड्या कणाला सुमारे ०.१५ टक्के अतिसंपृक्तता पुरते, ५० नॅनोमीटरच्या कणाला सुमारे ०.४ टक्के. पदार्थ बदलला की आकडा बदलतो. पाणी ओढण्याची क्षमता आम्ही कापा नावाच्या एका अंकात मांडतो: समुद्री मिठाला १ च्या वर, सल्फेटला सुमारे ०.६, बऱ्याच सेंद्रिय पदार्थांना ०.१ च्या आसपास, ताज्या काजळीला जवळपास शून्य. तरीही माझा अनुभव असा की आकारमान आधी विचारावं, रसायन नंतर. व्यास दुप्पट झाला की लागणारी अतिसंपृक्तता जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येते. कापा दुप्पट झाला तर ती फक्त तीस टक्क्यांच्या आसपास घटते. ताज्या धुराजवळ मात्र हा नियम जपून वापरावा लागतो, कारण तिथे एकाच आकाराचे कण अगदी वेगवेगळ्या स्वभावाचे असतात.

इथवर वाचून वाटेल की हवेतल्या कणांची यादी मिळाली की थेंबांची संख्या सांगता येईल. तशी ती सांगता येत नाही, आणि या विषयातला मला सगळ्यांत आवडणारा भाग इथेच आहे. ढगातली अतिसंपृक्तता बाहेरून ठरवून मिळत नाही. हवा वर चढते, थंड होते आणि त्यामुळे जादा बाष्प तयार होत राहतं. त्याच वेळी आधी जागे झालेले कण ते बाष्प पिऊन टाकत असतात. या चढाओढीत अतिसंपृक्तता ढगाच्या तळाजवळ, थोड्याच उंचीत एका कमाल मूल्याला पोचते आणि खाली येते. त्या कमाल मूल्याला जे कण जागे झाले तेच थेंब, बाकीचे राहिले. हवा स्वच्छ असेल तर पिणारे कमी, म्हणून अतिसंपृक्तता वर जाते आणि लहान कणांनाही संधी मिळते. हवेत कण खूप असतील तर मोठे कण बाष्प आधीच संपवतात आणि लहान तसेच राहतात. म्हणून कण दहापट झाले तरी थेंब दहापट होत नाहीत.

यात हवा किती वेगाने चढते हेही आलं. पसरट, थरांच्या ढगांत हा वेग सेकंदाला काही दहा सेंटिमीटर असतो आणि अतिसंपृक्तता बहुधा ०.१ ते ०.३ टक्क्यांत राहते. कापसासारख्या उभ्या वाढणाऱ्या ढगांत वेग सेकंदाला काही मीटरपर्यंत जातो आणि अतिसंपृक्तता अर्ध्या-एक टक्क्यापर्यंत. स्वच्छ सागरी हवेत थेंबांची संख्या कणांवर अडलेली असते. कण वाढवा, थेंब वाढतात. दाट धुरात ती चढत्या हवेच्या वेगावर अडलेली असते. कण वाढवून फारसं काही होत नाही. तुमच्या छतावरची हवा यातली कुठली, हे दिवसावर आणि वाऱ्यावर अवलंबून राहणार. त्यामुळे ‘कण वाढले तर थेंब किती वाढतील’ याला सगळीकडे लागू पडेल असा एक आकडा मी देऊ शकत नाही.

ढग स्वतःची खूणही मागे ठेवतात. थेंब झालेल्या कणात, पाण्यात, सल्फर डायऑक्साइडपासून सल्फेट बनतं. बहुतेक ढग न बरसता विरून जातात. थेंब आटतो तेव्हा उरलेला कण आधीपेक्षा मोठा असतो. जो थेंब झालाच नाही तो कण होता तेवढाच राहतो. त्यामुळे समुद्रावरच्या स्वच्छ हवेत कणांच्या आकारमानाचा आलेख काढला की दोन टेकड्या दिसतात आणि मध्ये एक खळगा. विल्यम हॉपेल यांच्या नावाने तो ओळखला जातो. खळगा कुठल्या व्यासावर आहे त्यावरून, ही हवा आदल्या दिवसांत ज्या ढगांतून गेली त्यांत अतिसंपृक्तता साधारण किती होती, याचा अंदाज येतो. मी पहिल्यांदा तो खळगा स्वतःच्या मोजणीत पाहिला तेव्हा आकाश निरभ्र होतं, आणि समोरच्या आलेखात विरून गेलेल्या ढगांची नोंद होती. त्या दिवसापासून मी कण आणि ढग यांना वेगळे विषय मानणं सोडलं.

आता तुमच्या दुसऱ्या स्तंभाकडे, म्हणजे आकाश किती झाकलंय याकडे. ढग असणार की नाही हे मुख्यतः ओलावा आणि हवेची चढ-उतार ठरवतात. जमिनीजवळच्या हवेत पुरेशी केंद्रकं जवळजवळ नेहमीच असतात. कणांचा हात दिसतो तो ढग कसा आहे यात. तेवढंच पाणी आठपट थेंबांत वाटलं गेलं तर प्रत्येक थेंबाची त्रिज्या निम्मी होते आणि सगळ्या थेंबांचं मिळून पृष्ठफळ दुप्पट. ढग जास्त उजळ दिसतो, जास्त सूर्यप्रकाश परतवतो. शॉन टूमी यांनी १९७० च्या दशकात हे मांडलं. याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणजे सागरी ढगांच्या थरावर जहाजांच्या धुराने उमटणाऱ्या उजळ रेघा. १९६० च्या दशकातल्या उपग्रहचित्रांत त्या प्रथम लक्षात आल्या. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ वरून ०.५ टक्क्यांवर आली आणि त्यानंतर अशा रेघा कमी दिसू लागल्या.

थेंब लहान झाले की ते एकमेकांवर आदळून मोठे व्हायला वेळ लागतो. पावसाच्या एका थेंबात ढगाचे सुमारे दहा लाख थेंब सामावलेले असतात, त्यामुळे ही सुरुवातीची दिरंगाई महत्त्वाची. पण म्हणून ढगात पाणी साठून राहतं का, यावर सावधपणे बोलावं. २०१४-१५ मध्ये आइसलँडमधल्या होलुह्राउन ज्वालामुखी उद्रेकातून प्रचंड सल्फर डायऑक्साइड बाहेर पडला. भोवतालच्या सागरी ढगांतले थेंब स्पष्टपणे लहान झाले, ढगांतल्या एकूण पाण्यात मात्र ठळक बदल दिसला नाही. शून्याखालच्या ढगांत आणखी वेगळी जात लागते, बर्फ धरणारे कण. ते इतके विरळ असतात की उणे २० अंशांजवळ एका लिटर हवेत एखादाच सापडावा, जिथे संघनन केंद्रकं लिटरमागे लाखांनी असतात. तो विषय स्वतंत्र ठेवू.

तुमच्या दोन्ही निरीक्षणांची उत्तरं आता सोपी आहेत. पावसानंतर आकडा उतरतो कारण पाऊस कण खाली आणतो. तिथे ढग कारण आहे आणि कण परिणाम, तुमच्या अपेक्षेच्या उलट दिशा. धुक्याच्या सकाळी आकडा चढतो कारण ओल्या हवेत तेच कण पाणी घेऊन फुगतात आणि सेन्सर फुगलेला कण मोजतो. शिवाय धुक्याचे लहान थेंबही तो कण म्हणूनच धरतो. म्हणून जागतिक हवामान संघटनेच्या निरीक्षण केंद्रांत नमुन्याची हवा आधी ४० टक्क्यांखालच्या आर्द्रतेपर्यंत कोरडी करतात.

आम्ही मोजतो ते तीन उपकरणांनी मिळून. पहिलं सीपीसी, म्हणजे कणांवर वाफ धरवून ते मोजणारं उपकरण. यात हवा ब्युटेनॉल या अल्कोहोलच्या वाफेने भरून थंड करतात; काही नॅनोमीटरचा कणही थेंब होऊन फुगतो आणि प्रकाशात मोजला जातो. एटकेन यांच्या कण मोजायच्या उपकरणाचंच हे सुधारलेलं रूप. एकूण संख्या मिळते, आकारमान कळत नाही. दुसऱ्यात कणांना ठरावीक विद्युतभार देऊन विद्युतक्षेत्रातून नेतात. लहान कण पटकन वळतात, मोठे सावकाश, आणि एकेका व्यासाचे कण वेगळे काढून सीपीसीने मोजतात. तिसरा सीसीएन काउंटर, आणि त्याची युक्ती फार सुंदर आहे. आतून ओल्या ठेवलेल्या उभ्या नळीचं तापमान वरून खाली वाढत जातं. हवा खाली वाहताना पाण्याची वाफ भिंतीकडून मध्याकडे उष्णतेपेक्षा जास्त वेगाने पसरते. म्हणून मध्यावर पोचलेली वाफ खालच्या, जास्त उबदार भिंतीवरची असते आणि उष्णता वरच्या, कमी उबदार भिंतीवरची. त्या तापमानाला पेलणार नाही इतकी वाफ तिथे जमते आणि हवी तेवढी अतिसंपृक्तता मिळते. नळीच्या तळाशी जे कण थेंब होऊन बाहेर आले तेच मोजायचे.

नवीन काम करणाऱ्यांना इथे हमखास एक धक्का बसतो: सीपीसी दर घन सेंटिमीटरमागे ६,००० दाखवतो आणि ०.२ टक्के अतिसंपृक्ततेवर सीसीएन काउंटर ९००. उपकरण बिघडलेलं नसतं. उरलेले ५,१०० कण त्या अतिसंपृक्ततेसाठी खूप लहान किंवा पाण्याशी फटकून राहणारे असतात. म्हणून ‘सीसीएन ९००’ एवढंच लिहिलेलं मी कधी स्वीकारत नाही. सोबत अतिसंपृक्तता लिहिलेली नसेल तर तो आकडा अर्धवट आहे.

माझ्या स्वतःच्या चुका सांगितल्या तर तुमचा वेळ वाचेल. एकदा आम्ही काउंटरचं अंशांकन, म्हणजे माहीत असलेल्या कणांवर आकडे जुळवून घेणं, समुद्रसपाटीजवळ केलं आणि उपकरण तसंच डोंगरावर नेलं. दाब कमी झाला की तापमानाचा फरक तेवढाच ठेवूनही नळीत अतिसंपृक्तता कमी तयार होते. तीन आठवडे आम्ही डोंगरावर केंद्रकं कमी आहेत असं समजत होतो. जागेवर अमोनियम सल्फेटने पुन्हा अंशांकन केलं तेव्हा चूक सापडली, आणि ते आकडे सुधारून पुन्हा काढावे लागले. हे अंशांकन करताना १०० नॅनोमीटर निवडले तरी त्यात दुप्पट विद्युतभाराचे सुमारे १५० नॅनोमीटरचे कण मिसळून येतात आणि ते आधी जागे होतात. ते वजा न केल्यास पुन्हा फसगत. दुसऱ्या वेळी हवा आत आणणारी नळी लांब आणि साध्या प्लॅस्टिकची होती. बारीक कण भिंतीला चिकटून गेले, काही स्थिरविद्युतेमुळे, काही नुसत्या इकडे-तिकडे भटकण्यामुळे. आता मी धातूची किंवा विद्युतवाहक नळी वापरतो, शक्य तेवढी आखूड. रोज सकाळी उपकरणाच्या तोंडाला गाळणी लावून शून्य येतंय का पाहतो आणि प्रवाह स्वतंत्र मीटरने तपासतो. शेवटी आकारमानाच्या आलेखावरून केंद्रकं किती असायला हवीत हे काढतो आणि प्रत्यक्ष मोजलेल्या संख्येशी लावून बघतो. दोन्ही वीस टक्क्यांच्या आत जुळले तरच पुढचं विश्लेषण.

तुमच्याकडे जे आहे त्यातून काय करता येईल? सेन्सरशेजारी आर्द्रतामापक लावा आणि ७५ टक्क्यांवरच्या आर्द्रतेतल्या नोंदी वेगळ्या काढा, फेकू नका. त्यांतून कण किती फुगतात याचा स्वतंत्र अभ्यास होईल. हवा हलकी तापवून कोरडी करता येते, पण जास्त तापवलीत तर अमोनियम नायट्रेटसारखे पदार्थ उडून जातात. पावसाच्या आधीचे आणि नंतरचे तास वेगळे मांडा. ढग किती या स्तंभाऐवजी थेंब किती मोठे हे घ्या. मोडिस उपग्रह-उपकरणाच्या विदेत (डेटामध्ये) पाण्याच्या ढगांसाठी थेंबांची परिणामी त्रिज्या, म्हणजे एक प्रकारची सरासरी त्रिज्या, मिळते आणि ती विदा सर्वांसाठी खुली आहे. उपग्रहावरून हवेची धूसरताही मिळते, पण ती ढगांच्या प्रमाणाशी थेट जोडू नका. ढगांजवळ हवा ओली असते, कण फुगलेले असतात, त्यामुळे दोन्ही एकत्र वाढताना दिसतात आणि कण ढग वाढवतायत असा आभास होतो. हा सापळा तुमच्या सध्याच्या आलेखापेक्षा जास्त धोकादायक आहे, कारण त्यात संबंध छान दिसतो.

एवढं झालं की जवळच्या विद्यापीठाच्या किंवा संशोधन संस्थेच्या वायुमंडल विभागाकडे दोन आठवड्यांसाठी सीपीसी मागून पाहा. नीट विचारलेल्या प्रश्नाला मदत करणारी माणसं मला नेहमी भेटली आहेत. तो सेन्सरशेजारी ठेवा, तोंड जनित्र किंवा धुराड्याच्या वाऱ्याखाली येणार नाही असं बघा आणि दर मिनिटाला वाऱ्याची दिशा लिहा. वजन घटलं पण संख्या वाढली, असे काही तास तुम्हाला नक्की सापडतील. ते तास, त्या वेळची आर्द्रता आणि वारा एवढं पाठवा. पुढचं मी तुमच्यासोबत बसून बघेन.